ग्लेझचे रसायनशास्त्र रेसिपीच्या वहीतून वर्गात यावे

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

गेल्या काही वर्षांत आपल्या शहरांतून मातीची भांडी घडवण्याच्या कार्यशाळा मोठ्या संख्येने सुरू झाल्या आहेत. छंद म्हणून चाकावर बसलेली अनेक मंडळी आता घरच्या घरी भट्टी लावून कप, वाट्या, ताटल्या विकू लागली आहेत. याचा मला मनापासून आनंद आहे. चाकावर हात बसावा म्हणून ही मंडळी महिनोन्‌महिने खपतात, मातीच्या पोताविषयी तासन्‌तास बोलतात. परंतु ज्या थराला आपले ओठ लागतात, ज्यात आपण आमटी वाढतो आणि लोणचे मुरवतो, त्या ग्लेझचे शास्त्र मात्र बहुतेक ठिकाणी वहीत उतरवून घेतलेल्या रेसिपीपुरतेच उरते. ग्लेझचे रसायनशास्त्र आपल्या राज्यात पदव्युत्तर पातळीवर, मराठीतून आणि भट्टीच्या सान्निध्यात शिकवले जावे, एवढीच मागणी मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे. पण तपशिलाशिवाय ही मागणी नुसती सदिच्छा वाटेल, म्हणून तपशिलात शिरलो आहे.

ग्लेझ म्हणजे भट्टीत वितळून मातीच्या अंगावर पक्का बसलेला काचेचा पातळ थर. खिडकीची काच आडव्या पृष्ठभागावर तयार होते. ग्लेझला मात्र उभ्या भिंतीवर वितळायचे असते आणि तरीही ओघळून भट्टीच्या फळीवर उतरायचे नसते. त्यासाठी तीन प्रकारच्या ऑक्साइडांचा मेळ बसवावा लागतो. सिलिका काच बनवते, ॲल्युमिना त्या वितळलेल्या काचेला घट्टपणा देऊन जागेवर धरून ठेवते, आणि सोडा, पोटॅश, चुना, मॅग्नेशिया, जस्त यांसारखी फ्लक्स ऑक्साइडे वितळण्याचे तापमान आपल्या भट्टीच्या आवाक्यात आणतात. शुद्ध सिलिका १७०० अंश सेल्सिअसच्या वर वितळते, ॲल्युमिना २००० अंशांच्या वर आणि कॅल्शियम ऑक्साइड, म्हणजे चुना, २५०० अंशांच्याही वर. मात्र वजनाने सुमारे ६२ भाग सिलिका, १५ भाग ॲल्युमिना आणि २३ भाग चुना एकत्र आले, की ते मिश्रण ११७० अंशांच्या आसपास वितळते. तिघांपैकी एकही जेथे एकटा मऊसुद्धा पडणार नाही, अशा तापमानाला तिघे मिळून द्रव होतात, आणि स्टोनवेअरची, म्हणजे जास्त तापमानाला भाजलेल्या घट्ट भांड्यांची, सारी ग्लेझ या एका वस्तुस्थितीवर उभी आहेत. कोणते मिश्रण कोणत्या तापमानाला वितळते हे दाखवणाऱ्या प्रावस्था-आकृत्या आपले रसायनशास्त्राचे विद्यार्थी पदवीच्या वर्गात शिकतात, त्यावर गुण मिळवतात, आणि परीक्षा संपली की विसरतात. कारण त्या आकृतीतला खोलगट बिंदू प्रत्यक्षात कसा दिसतो, हे त्यांना कोणी दाखवलेले नसते.

या मिश्रणांना हिशेबाची शिस्त लावली ती बर्लिनच्या राजेशाही पोर्सेलीन कारखान्यातील रसायनशास्त्रज्ञ हर्मान सेगर यांनी. भट्टीतली उष्णता मोजण्यासाठी १८८६ मध्ये त्यांनी तयार केलेले, ठरावीक उष्णतेला वाकणाऱ्या मिश्रणांचे शंकू, ज्यांना आपण कोन म्हणतो, ते त्यांच्या नावाने जगभर गेले. पण माझ्या मते त्यांचे त्याहून मोठे काम म्हणजे ग्लेझ सूत्ररूपाने लिहिण्याची पद्धत. ग्लेझमध्ये कोणती पूड किती ग्रॅम आहे, हे पाहण्याऐवजी सेगर यांनी कोणत्या ऑक्साइडाचे किती रेणू आहेत, हे पाहिले. सर्व फ्लक्स ऑक्साइडांची बेरीज एक धरली, आणि त्या एकाच्या तुलनेत ॲल्युमिना व सिलिका किती, ते मांडले. असे केल्याबरोबर वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या कच्च्या मालाच्या रेसिपी एका पातळीवर येऊन एकमेकींशी ताडून पाहता येऊ लागल्या.

याचे एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. इंग्लंडमधील कुंभकार बर्नार्ड लीच यांच्या नावाने ओळखली जाणारी एक रेसिपी बहुतेक स्टुडिओंत माहीत असते: ४० भाग पोटॅश फेल्डस्पार, ३० भाग क्वार्ट्झ, २० भाग व्हायटिंग आणि १० भाग चायना क्ले. फेल्डस्पारचे आदर्श रेणुभार ५५७, क्वार्ट्झचे ६०, व्हायटिंगचे म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे १०० आणि चायना क्लेचे २५८ धरून प्रत्येक वजनाला भागले, आणि फ्लक्सची बेरीज एक केली, की सूत्र येते: पोटॅश ०.२६, चुना ०.७४, ॲल्युमिना ०.४१, सिलिका ३.७. आता सेगर यांच्या क्रमांक ४ च्या कोनचे मूळ सूत्र पाहा: पोटॅश ०.३, चुना ०.७, ॲल्युमिना ०.५, सिलिका ४. एक जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तापमान मोजण्यासाठी योजलेले मिश्रण, दुसरी इंग्लिश कुंभकाराची भांड्यांसाठीची रेसिपी. ग्रॅममध्ये लिहिली तर या दोन मिश्रणांचे नाते कोणाच्या लक्षातही येणार नाही, आणि सूत्रात लिहिली तर ती सख्खी भावंडे निघतात. शिवाय याच हिशेबातून हेही कळते की या १०० ग्रॅम मिश्रणातले जवळजवळ १० ग्रॅम कर्बवायू आणि पाणी होऊन भट्टीत उडून जाणार आहेत. हे वायू ग्लेझचा पृष्ठभाग बंद होण्याआधी बाहेर पडले नाहीत, तर टाचणीने टोचल्यासारखी छिद्रे राहतात, आणि त्यांचा दोष पुष्कळदा विनाकारण मातीवर टाकला जातो.

सेगर यांच्या सूत्राचा पुढचा टप्पा अमेरिकेत गाठला गेला. आर. टी. स्टल यांनी १९१२ मध्ये पोटॅश ०.३ आणि चुना ०.७ हे प्रमाण कायम ठेवून फक्त सिलिका व ॲल्युमिना बदलत नेली, त्या सर्व मिश्रणांच्या चाचण्या ११ क्रमांकाच्या कोनला भाजल्या आणि निकाल एका आलेखावर मांडले. चकचकीत ग्लेझ कुठे मिळते, मॅट कुठे मिळते, कुठे भेगा पडतात आणि कुठे मिश्रण वितळतच नाही, याचा तो नकाशा आहे. सिलिका ॲल्युमिनाच्या पाचपट किंवा त्याहून कमी असेल तर पृष्ठभाग मॅट होतो. सात-आठपटीच्या पुढे तो चकचकीत होतो. वरच्या लीच यांच्या रेसिपीत हे गुणोत्तर नऊ आहे, म्हणून ती चकाकते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा हा आलेख आजही टेबलावर ठेवून काम करता येते. परंतु तो वाचता येण्यासाठी रेणुभार, मोल आणि गुणोत्तर यांची भीती मोडावी लागते, आणि आपल्याकडे कलाशाखेतील विद्यार्थ्याची ही भीती कोणी मोडत नाही.

निव्वळ रेसिपीवर विसंबून काय होते, याचे धडे जगाने घेतलेले आहेत. न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी येथील एक नैसर्गिक माती नुसती भांड्यावर लावून भाजली की तपकिरी ग्लेझ देत असे. अमेरिकेतील पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर अवलंबून होत्या. १९८० च्या दशकात तिचे उत्खनन थांबले. पुढे २००० सालाच्या सुमारास कॅलिफोर्नियातील गर्स्टली बोरेट या बोरॉन पुरवणाऱ्या खनिजाचे उत्पादन थांबवण्याची घोषणा झाली, तेव्हा शेकडो स्टुडिओंच्या रेसिपी एकाच वेळी संकटात आल्या. ज्यांच्याकडे सूत्र होते, त्यांनी बोरॉन फ्रिटमधून, म्हणजे आधी वितळवून दळलेल्या काचेतून, आणला, कॅल्शियम व्हायटिंगमधून आणले, आणि तीच ग्लेझ पुन्हा उभी केली. ज्यांच्याकडे फक्त रेसिपी होती, ते उरलेल्या पोत्यांचा साठा करत राहिले.

आपल्याकडे हा प्रश्न खाण बंद पडण्याची वाट पाहत नाही, तो प्रत्येक पोत्यागणिक येतो. पोटॅश फेल्डस्पारच्या आदर्श सूत्राप्रमाणे त्यात जवळजवळ १७ टक्के पोटॅश असायला हवे. बाजारात मिळणाऱ्या फेल्डस्पारमध्ये ते बरेच कमी असते, सोडा मिसळलेला असतो आणि मोकळे क्वार्ट्झही असते. मला एका व्यापाऱ्याकडून एकाच नावाने, एकाच छापाच्या पोत्यात दोन वेळा फेल्डस्पार मिळाले. पहिल्या पोत्यातून बनवलेली ग्लेझ १२८० अंशांना नितळ आली आणि दुसऱ्या पोत्यातून, तोच काटा, तीच चाळणी आणि तीच भट्टी असूनही, ती भांड्याच्या बुडाशी थेंब होऊन साचली व वरच्या कडेवर केसासारख्या भेगा पडल्या. व्यापाऱ्याने माल तोच असल्याचे सांगितले, आणि त्याच्या परीने ते खरेही असेल, कारण त्याच्याजवळ रासायनिक पृथक्करणाचा कागद कधी नव्हताच. दोन्ही पोत्यांतले नमुने क्ष-किरण प्रतिदीप्ती यंत्रावर तपासून घेतल्यावर सोड्याचे प्रमाण वाढलेले दिसले आणि सारा उलगडा झाला. अशी यंत्रे आपल्या विद्यापीठांत, सिमेंट कारखान्यांत, खनिकर्माच्या प्रयोगशाळांत आहेत. कुंभकाराला त्यांच्या दारापर्यंत जाण्याची वाट माहीत नाही आणि दारातल्या माणसाला कुंभकार तेथे कशासाठी आला, हे समजत नाही.

भेगांचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडे थांबतो, कारण प्रगत अभ्यास कशाला हवा, याचे याहून चांगले उत्तर मला सापडलेले नाही. भांडे थंड होताना माती आणि ग्लेझ दोन्ही आकसतात. ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसली, तर ती ताणली जाते आणि तिला बारीक भेगा पडतात. कुंभकार याला क्रेझिंग म्हणतात. ती मातीपेक्षा थोडी कमी आकसली, तर ती दाबाखाली राहते आणि भांडे उलट अधिक मजबूत होते. ती फारच कमी आकसली, तर कडांवरून तिचे टवके उडतात. सोडा आणि पोटॅश ग्लेझचे आकसणे वाढवतात. सिलिका, बोरॉन आणि मॅग्नेशिया ते कमी करतात. म्हणून क्रेझिंगवरचा पहिला उपाय म्हणजे ग्लेझमध्ये क्वार्ट्झ वाढवणे. गंमत पुढे आहे: हेच क्वार्ट्झ मातीत वाढवले तरी क्रेझिंग थांबते, पण अगदी उलट कारणाने. ग्लेझमध्ये क्वार्ट्झ वितळून काचेचा भाग होते आणि काचरूप सिलिका फारच कमी आकसते. मातीत मात्र ते स्फटिक म्हणूनच राहते, आणि थंड होताना ५७३ अंशांना त्या स्फटिकाची रचना एकदम बदलून तो आकसतो. त्यामुळे माती जास्त आकसते आणि ग्लेझ दाबाखाली येते. एकच पदार्थ, एकाच भांड्यात, दोन जागी, दोन विरुद्ध मार्गांनी एकच परिणाम घडवतो. हे ज्याला नीट समजले, तो क्रेझिंग दिसताच कशाला हात घालायचा, हे ठरवू शकतो. ज्याला समजले नाही, तो भट्टी हळू थंड करून पाहतो, ग्लेझ पातळ लावून पाहतो, आणि दोन महिन्यांनी स्वयंपाकघरातल्या कपाटात पुन्हा भेगा पडण्याचा तोच टिणटिण आवाज ऐकतो.

आता सर्वांत गंभीर मुद्द्याकडे वळतो. महाराष्ट्रात चिनी मातीच्या बरणीत कैरीचे आणि लिंबाचे लोणचे वर्षभर मुरते. चिंचेचा कोळ, कोकमाचे आगळ, ताक, सोलकढी हे सारे आंबट पदार्थ आपल्या रोजच्या जेवणातले आहेत. आम्ल ग्लेझमधून काय काय ओढून काढते, हा प्रश्न म्हणूनच आपल्याकडे इतर अनेक ठिकाणांपेक्षा अधिक महत्त्वाचा आहे. जगभर रूढ असलेल्या चाचणीत भांड्यात ४ टक्के ॲसिटिक आम्ल भरून ते खोलीच्या तापमानाला २४ तास ठेवतात आणि द्रावात उतरलेले शिसे व कॅडमियम मोजतात. ही चाचणी चांगली आहे, आवश्यक आहे. पण ती फक्त शिसे आणि कॅडमियम पाहते. स्टुडिओत वापरले जाणारे तांबे, मँगेनीज, बेरियम, कोबाल्ट यांच्याविषयी ती गप्प राहते, आणि बेरियम कार्बोनेट हे तर उंदीर मारण्याच्या औषधात वापरले गेलेले द्रव्य आहे.

हिरव्या मॅट ग्लेझच्या एका कपात लिंबाची फोड रात्रभर ठेवून सकाळी उचलली, तेव्हा तिच्याखाली फिकट पांढुरका गोल उमटलेला मी पाहिला आहे. तेवढ्या भागातले तांबे लिंबात उतरले होते. तो कप दिसायला देखणा होता आणि विकला जाण्याच्या तयारीत होता. मॅट पृष्ठभाग दोन प्रकारांनी येतो, ही गोष्ट येथे समजून घ्यावी लागते. एक प्रकार असा की ग्लेझ पूर्ण वितळते आणि थंड होताना तिच्यात सूक्ष्म स्फटिक तयार होतात. ही ग्लेझ टिकाऊ असू शकते. दुसरा असा की ग्लेझ पुरती वितळलेलीच नसते, किंवा तिच्यात सिलिका इतकी कमी असते की काचेचे जाळे अपुरे राहते. ही ग्लेझ आम्लापुढे टिकत नाही. हाताला आणि डोळ्याला दोन्ही सारख्याच मखमली लागतात. सूत्र लिहिल्याशिवाय आणि चाचणी केल्याशिवाय त्यांतला फरक कळत नाही, आणि विकत घेणाऱ्याला तर तो कळण्याचा प्रश्नच नाही. घरगुती विक्रेत्यांवर कायद्याचा बडगा उगारावा, असे मी म्हणत नाही. त्यांना हे शिकण्याची सोय हवी, आणि चार-पाचशे रुपयांत एखादा नमुना तपासून मिळण्याची सोय हवी.

रंगांविषयी पुष्कळ लिहिता येईल, पण एकाच उदाहरणावर थांबतो. चीनमध्ये सोंग काळात बनलेल्या जुन ग्लेझचा दुधाळ निळा रंग कोणत्याही निळ्या द्रव्यामुळे येत नाही. थंड होताना त्या काचेत दुसऱ्या काचेचे अतिसूक्ष्म थेंब वेगळे होतात, आणि त्यांच्यावरून प्रकाश विखुरल्यामुळे ती निळी दिसते. आपल्या ज्येष्ठ कुंभकार निर्मला पटवर्धन यांनी या ग्लेझवर दीर्घकाळ काम केले आणि ग्लेझच्या कृतींसह कुंभारकामाचे हातपुस्तकही लिहिले. ते इंग्रजीत आहे. एका मराठी नावाच्या विदुषीने एकटीने, चाचणीमागून चाचणी करून, एवढे काम उभे केले. त्यापुढे त्याच विषयावर विद्यापीठीय पातळीवर आपल्याकडे परंपरा का निर्माण झाली नाही, याचा विचार कला आणि विज्ञान या दोन्ही शाखांच्या लोकांनी करायला हवा.

आता आपल्या पायाखालच्या दगडाकडे येतो. महाराष्ट्राचा मोठा भाग बेसाल्टचा आहे आणि खडीच्या क्रशरवर त्याची बारीक कच ढिगांनी पडून असते. दख्खनच्या बेसाल्टमध्ये सामान्यतः ४९ टक्क्यांच्या आसपास सिलिका, १४ टक्के ॲल्युमिना, तेवढेच लोह ऑक्साइड, १० टक्के चुना, ६ टक्के मॅग्नेशिया आणि थोडा सोडा असतो. लोह बाजूला ठेवून याचे सेगर सूत्र काढले, तर फ्लक्स एक धरून ॲल्युमिना ०.३६ आणि सिलिका साधारण २.१ येते. ॲल्युमिना ठीक आहे. सिलिका मात्र १२८० अंशांच्या टिकाऊ ग्लेझसाठी कमी आहे. ती कुठून आणायची? भंडारा-गोंदियाच्या भात गिरण्यांत आणि कोकणात भाताच्या तुसाची राख होते, तिच्यात सुमारे ९० टक्के सिलिका असते. शंभर भाग बेसाल्टच्या पुडीत तीस भाग ही राख घातली, तर सिलिका ३.३ वर जाते, सिलिका आणि ॲल्युमिना यांचे गुणोत्तर नऊच्या आसपास येते, आणि मिश्रणात दहा-अकरा टक्के लोह ऑक्साइड राहते. म्हणजे कागदावर तरी ही चकचकीत, काळी-तपकिरी, तेनमोकू जातीची ग्लेझ झाली. या दोन पदार्थांना विकत घेण्याचा खर्च जवळजवळ नाही. सिंधुदुर्गातील कासार्डे परिसरात सिलिका वाळू आहे, साखर कारखान्यांत चिपाडाची राख आहे, कोकणात लोह आणि ॲल्युमिनाने भरलेला जांभा आहे.

कागदावर तरी, असे मी मुद्दाम म्हटले. प्रत्येक डोंगराचा बेसाल्ट वेगळा, प्रत्येक बॉयलरची राख वेगळी. तूस जास्त तापमानाला जळले असेल तर राखेतली सिलिका स्फटिकरूप होते, आणि तिची धूळ फुप्फुसांना घातक असते; सिलिकोसिस हा आजार बरा होत नाही आणि क्वार्ट्झच्या पुडीबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाला त्याचा धोका आहे. कच किती बारीक दळायची, राख धुवायची का, मिश्रण पाण्यात किती दिवसांनी बदलते, रिडक्शनमध्ये, म्हणजे भट्टीत हवा कमी ठेवून भाजताना, लोह फ्लक्ससारखे वागू लागल्यावर ओघळ कसा रोखायचा, यांतला प्रत्येक प्रश्न एम. एस्सी.च्या एका प्रबंधाचा विषय होऊ शकतो. आपले विद्यार्थी दरवर्षी प्रकल्पासाठी विषय शोधतात, आणि हे विषय तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयाच्या मागच्या टेकडीवर पडून आहेत.

देशात या शिक्षणाची जुनी केंद्रे आहेत. बनारस हिंदू विद्यापीठात सिरॅमिकचा विभाग १९२४ मध्ये सुरू झाला, कोलकात्यातील सिरॅमिक तंत्रज्ञानाच्या महाविद्यालयाची सुरुवात १९४१ ची आहे, आणि केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्था १९५० पासून त्याच शहरात काम करते. या संस्थांची दृष्टी साहजिकच उद्योगाकडे, म्हणजे फरशा, विद्युतरोधक, अग्निरोधक विटा यांच्याकडे राहिली. मुंबईच्या १८५७ मध्ये स्थापन झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १८७० च्या दशकात जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली सिंधच्या कुंभारांच्या परंपरेवर आधारलेली ग्लेझ दिलेली भांडी बनत होती आणि ती परदेशी संग्रहालयांत पोहोचली. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावती येथे कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघाच्या माध्यमातून ग्रामीण कुंभारांना चाक, भट्टी आणि माती यांचे तंत्र शिकवले. म्हणजे कलेचा वारसा आहे, ग्रामोद्योगाचा वारसा आहे, आणि शेकडो महाविद्यालयांत रसायनशास्त्राचे विभाग आहेत. या तिघांची गाठ मात्र पडत नाही. अमेरिकेतील आल्फ्रेड येथे १९०० मध्ये राज्य सरकारने सिरॅमिकची शाळा काढली, तेव्हापासून तेथे कुंभकार आणि सिरॅमिक अभियंते एकाच आवारात शिकत आले आहेत, आणि ग्लेझच्या शास्त्राला तेथून मिळालेले योगदान त्या शेजारातून आले आहे, असे मला वाटते.

आपल्याकडे यासाठी नवे विद्यापीठ काढण्याची गरज नाही. एखाद्या विद्यापीठाने आपला रसायनशास्त्र विभाग आणि जवळचे कला महाविद्यालय यांच्यात एक वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू करावा. पहिल्या सत्रात सेगर सूत्र, प्रावस्था-आकृत्या, काचेची रचना, औष्णिक प्रसरण आणि विषारीपणा हे विषय असावेत, आणि प्रत्येक तासामागे भट्टीतून निघालेल्या चाचणी-फरशा टेबलावर असाव्यात. दुसऱ्या सत्रात प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या जिल्ह्यातील एक दगड, एक माती आणि एक राख घेऊन त्यांचे पृथक्करण करावे, त्यांपासून ग्लेझ बनवावी आणि तिची आम्ल-चाचणी करावी. प्रवेश विज्ञान शाखेच्या पदवीधरांना असावा, कला शाखेच्या पदवीधरांना असावा, आणि ज्यांच्याकडे पदवी नाही पण वीस-वीस वर्षे भट्टी लावण्याचा अनुभव आहे, अशा कुंभार समाजातील कारागिरांनाही असावा. हा शेवटचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. धारावीच्या कुंभारवाड्यात किंवा आपल्या गावोगावच्या कुंभारआळीत आगीचे जे ज्ञान आहे, धुराच्या रंगावरून भट्टीची अवस्था ओळखण्याची जी नजर आहे, ती कोणत्याही प्रयोगशाळेत शिकवता येत नाही. आणि ग्लेझचे रसायनशास्त्र हाती आले, तर हीच मंडळी पणत्या आणि माठांच्या हंगामी कमाईपलीकडे वर्षभर विकली जाणारी टिकाऊ भांडी बनवू शकतील.

हे सारे मराठीत होणे शक्य आहे. मोल, ऑक्साइड, फेल्डस्पार, फ्रिट, कोन हे शब्द कुंभकारांच्या तोंडी रुळलेलेच आहेत. ते तसेच ठेवून भोवतालची वाक्ये मराठीत लिहिली, तर दहावीपर्यंत शिकलेला कारागीरही सेगर सूत्राचा हिशेब मांडू शकतो. मी तो अनेकांना शिकवला आहे. लागतो तो एक कागद, गणकयंत्र असलेला एक साधा मोबाइल आणि भागाकाराची सवय. पाठ्यपुस्तक मात्र नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळासारख्या संस्थेने किंवा एखाद्या विद्यापीठाच्या प्रकाशन विभागाने ते हाती घ्यावे, आणि लिहिताना एक रसायनशास्त्रज्ञ व एक कुंभकार यांना एकत्र बसवावे, अशी माझी जाहीर विनंती आहे.

आपल्या वाचकांत रसायनशास्त्राचे अध्यापक मोठ्या संख्येने असतील. त्यांना माझे सांगणे असे की, येत्या वर्षी एम. एस्सी.च्या निदान एका विद्यार्थ्याला प्रकल्प म्हणून जवळच्या खाणीतील बेसाल्टचे पृथक्करण द्यावे, त्याला गावातल्या एखाद्या कुंभकाराकडे पाठवावे आणि दोघांनी मिळून दहा चाचणी-फरशा भाजाव्यात. अशा प्रकल्पांना सूत्रांचे हिशेब तपासून देण्याची, तसेच माझ्या भट्टीत जागा देण्याची माझी तयारी आहे. इच्छुकांची पत्रे आपल्या कार्यालयाने माझ्याकडे पोहोचवली तर मी आपला ऋणी राहीन.

कळावे,
आपला विश्वासू,
रसायनशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक आणि कुंभकार, सातारा